पांढरीचा पंचनामा

२०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैत हिंगोली जिल्ह्यात ४.५ रिश्टरचे धक्के बसले आणि आसपासच्या जिल्ह्यांतही लोक घराबाहेर धावले. अशा बातमीचे शेवटचे वाक्य वर्षानुवर्षे ठरलेले असते: कोणतीही जीवित वा वित्तहानी झाल्याचे वृत्त नाही. ते वाचून हायसे वाटते, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. पण धक्क्यानंतर दोन-चार तासांत ते कशाच्या आधारावर लिहिले जाते, हे सहसा कुणी विचारत नाही. माणूस दगावला की नाही हे चटकन कळते. वित्तहानीचे तसे नाही. दगडमातीच्या भिंतीत आतल्या आत फट पडली आहे का, हे रस्त्यावरून जाणाऱ्या जीपमधून दिसत नाही, आणि घरमालकालाही ते पहिल्या पावसाळ्यापर्यंत कळेलच असे नाही.

भूकंपाचे नुकसान मोजण्याची आपली पद्धत दोन ठिकाणी चुकते, असे माझे मत आहे. पडलेली भिंत आपण धक्क्यानंतर मोजतो, पण उभी भिंत आधी मोजून ठेवत नाही. आणि धक्क्यानंतर जी मोजणी होते तीत घर येते, कुटुंब येत नाही. यातली पहिली चूक सुधारायला फारसा खर्चही लागणार नाही, हे पुढे सांगेन.

आधी एका शब्दाचा घोळ निस्तरायला हवा. आपली वर्तमानपत्रे ‘भूकंपाची तीव्रता ६.२ रिश्टर’ असे लिहितात. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ साली कॅलिफोर्नियातील भूकंपांसाठी जे माप तयार केले, ते भूकंपाचे परिमाण आहे. एका भूकंपाला ते एकच असते, आणि त्यात एका अंकाची वाढ म्हणजे सुमारे ३२ पट अधिक ऊर्जा. आता शास्त्रज्ञ त्याऐवजी भ्रंशाचे (खडकातल्या तुटीचे) क्षेत्रफळ आणि सरकण यांवर आधारलेले आघूर्ण परिमाण वापरतात, पण बातमीत रिश्टरचे नाव टिकून आहे. तीव्रता ही वेगळी गोष्ट आहे. एका विशिष्ट गावात जमीन किती हादरली आणि तिथल्या घरांचे काय झाले, हे ती सांगते. म्हणून एकाच भूकंपाची तीव्रता गावागणिक बदलते. मर्कालींच्या श्रेणीपासून १९६४ च्या एमएसके (मेदवेदेव-श्पोनहॉयर-कार्निक) श्रेणीपर्यंत ती रोमन अंकांत लिहिण्याची रीत पडली, ती कदाचित वाचकाने या अंकांची बेरीज-वजाबाकी करू नये म्हणूनच असावी. मराठीत दोन्हींना एकच शब्द रूढ झाल्यामुळे ६.२ हा आकडा ऐकला की नुकसान कळले असे आपल्याला वाटू लागते.

तो आकडा नुकसानीबद्दल किती कमी सांगतो, हे पाहायला साडेतीन महिन्यांच्या अंतराने झालेले दोन भूकंप शेजारी ठेवावेत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, किल्लारीचा भूकंप झाला. त्याचे परिमाण ६.२ धरले जाते, काही नोंदींत ६.४. १७ जानेवारी १९९४ रोजी पहाटे ४ वाजून ३१ मिनिटांनी लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजचा भूकंप झाला, परिमाण ६.७, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबात तो किल्लारीच्या पाचपटीहून मोठा. दोन्ही वेळा माणसे अंथरुणात होती, दोन्ही वेळा भूकंपाचे केंद्र उथळ होते. नॉर्थरिजला मृतांचा पहिला सरकारी आकडा ५७ होता. लातूर-उस्मानाबादमध्ये सरकारी आकडा ७,९२८ आहे, आणि अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या यादीत तो किमान ९,७४८ असा आहे. पैशांत मोजले तर मात्र उलटे होते. नॉर्थरिजचे नुकसान त्या वेळच्या किमतींत २० अब्ज डॉलरच्या वर गेले आणि तो भूकंप अमेरिकेच्या इतिहासातल्या सर्वांत महागड्या आपत्तींत गणला जातो. महागड्या भूकंपांच्या यादीत किल्लारी शोधून सापडणार नाही, कारण तिथे जे पडले त्याची बाजारात किंमतच नव्हती.

तिथे पडले ते काय होते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. मराठवाड्यातल्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घराची भिंत दोन-अडीच फूट जाड, क्वचित त्याहूनही जाड. ती एकसंध दिसते, पण असते दोन पदरांची: बाहेरच्या तोंडाला एक दगडी पदर, आतल्या तोंडाला दुसरा, आणि मधल्या पोकळीत बारीक दगड-गोटे आणि माती. दोन्ही पदरांना धरून ठेवणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बहुतेक घरांत नव्हते. वर खांब, तुळया आणि फळ्या, आणि फळ्यांवर मातीचा थर. उन्हाळ्यात घर गार राहावे आणि पावसात गळू नये म्हणून हा थर घालतात. तो गळू लागला की वर आणखी माती पडते, वडिलांनी घातलेल्या थरावर मुलगा घालतो. अर्धा मीटर जाडीच्या मातीचे वजन एका चौरस मीटरला आठशे किलोच्या आसपास भरते. म्हणजे दहा बाय दहा फुटांच्या खोलीत झोपलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर सात टनांहून जास्त माती होती. धक्क्याने भिंतीचे दोन पदर एकमेकांपासून सुटले, आणि बहुतेक माणसे मातीखाली गुदमरून गेली.

त्याच गावांत काही घरे वेगळी वागली. जिथे खणांचा लाकडी सांगाडा पुरेसा मजबूत होता, खांब आणि तुळया एकमेकांना नीट जोडलेले होते, तिथे भिंती बाहेरच्या बाजूला कोसळल्या तरी माळवद खांबांवर तोलून राहिले आणि आतली माणसे वाचली. परिमाण तेच, तीव्रता तीच, माती तीच, फरक सुतारकामाचा. भूकंप झाल्यावर पाहणीला आलेल्या अभियंत्यांना तो एका दिवसात दिसला. भूकंपाआधी तो कुणी पाहायला गेले असते तर त्यालाही दिसला असता. १९९२ च्या पावसाळ्यापासून किल्लारी परिसरात लहान धक्के बसत होते आणि लोक घाबरलेले होते, हे लक्षात घेतले तर ही रुखरुख आणखी वाढते. पण त्या वेळच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होता. २००२ च्या सुधारणेत पहिले क्षेत्रच रद्द झाले आणि लातूर तिसऱ्यात आले.

यंत्रांचीही एक गोष्ट आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा धरणाच्या आतल्या बोगद्यात त्वरणमापक बसवलेला होता, आणि त्याने गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट हादरा नोंदवला. जगभरच्या धरण अभियंत्यांनी ती नोंद अभ्यासली, आजही अभ्यासतात. धरणाला भेगा गेल्या, ते टिकले, आणि नंतर मजबूत केले गेले. कोयनानगरची बहुतांश घरे मात्र पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत, आणि सुमारे १८० माणसे गेली. धरण किती हादरले ते आपल्याला दशांश चिन्हानंतरच्या दोन स्थळांपर्यंत माहीत आहे. जवळपास सव्वीस वर्षांनी किल्लारीला मुख्य धक्क्याची जवळून नोंद घेणारे असे यंत्र परिसरात नव्हते. तिथे जमीन किती हादरली, हे पडलेल्या घरांवरूनच ठरवावे लागले.

घरांवरून तीव्रता ठरवण्याची रीत तशी शहाणपणाची आहे. एमएसके श्रेणीत घरांचे तीन प्रकार केलेले आहेत, दगडमातीचे, साध्या विटांचे आणि सळई-काँक्रीटचे; नुकसानीच्या पाच पायऱ्या आहेत, गिलाव्याच्या बारीक चिरेपासून पूर्ण कोसळण्यापर्यंत; आणि ‘काही’, ‘पुष्कळ’, ‘बहुतेक’ या ढोबळ शब्दांनाही साधारण ५, ५० आणि ७५ टक्के असे अर्थ ठरवून दिलेले आहेत. घाईत काम करणाऱ्या पाहणी पथकाला यापेक्षा चांगले हत्यार मिळणे अवघड. पण त्यात एक पेच आहे. गावातली सगळीच घरे पहिल्या प्रकारची असतील तर एका मर्यादेनंतर श्रेणी बोलायची थांबते, कारण सगळेच पडलेले असते आणि आणखी पडायला काही उरत नाही. हादरा भारी होता की घर कमकुवत होते, हे ढिगाऱ्यावरून सांगता येत नाही. मग सरकारी अहवालात ‘प्रलयंकारी भूकंप’ असा शब्द येतो आणि दोष निसर्गाच्या खात्यावर जातो.

मृतांचा आकडा तरी निर्विवाद असावा, असे आपल्याला वाटते. तसेही नाही. नॉर्थरिजचे ५७ मृत पुढे ७२ झाले, कारण भूकंपामुळे हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांची गणना करायची असे ठरले. जपानमध्ये ‘आपत्तिसंबंधित मृत्यू’ असा स्वतंत्र वर्गच आहे: निवारा केंद्रातल्या थंडीने, तुटलेल्या औषधोपचाराने, खचून जाऊन जे नंतर मरतात त्यांची नोंद त्यात होते आणि कुटुंबाला मदत मिळते. १९९५ च्या कोबे भूकंपाच्या ६,४३४ मृतांत असे नऊशेहून अधिक आहेत. हैतीत २०१० साली सरकारने तीन लाखांहून अधिक मृत सांगितले. काही स्वतंत्र अंदाज त्याच्या निम्म्याहूनही खाली आले. आपल्याकडे ढिगाऱ्याखालून निघालेला देह मोजला जातो, आणि सहा महिन्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये गेलेली म्हातारी मोजली जात नाही. ही गोष्ट कुणाला क्षुल्लक वाटेल, पण मदत, वारस आणि नुकसानभरपाई हे सगळे याच व्याख्येवर चालते.

पैशांच्या मोजणीत व्याख्येचा खेळ आणखी उघड होतो. फेब्रुवारी २०२३ च्या तुर्कस्तानातल्या भूकंपांनंतर तीन आठवड्यांच्या आत जागतिक बँकेने ३४.२ अब्ज डॉलरचा अंदाज दिला. तुर्कस्तान सरकारच्या मार्चमधील अहवालात तोच आकडा १०३.६ अब्ज झाला. कुणी खोटे बोलत नव्हते. पहिल्याने फक्त प्रत्यक्ष पडझड मोजली होती, दुसऱ्याने थांबलेले उत्पादन, ढिगारा उचलण्याचा आणि तात्पुरत्या निवाऱ्यांचा खर्च असे बरेच काही धरले होते. नेपाळने २०१५ साली ही विभागणी कागदावरच स्पष्ट ठेवली: एकूण ७०६ अब्ज नेपाळी रुपयांपैकी ५१७ अब्ज मालमत्तेची हानी आणि १८९ अब्ज उत्पन्नाचा तोटा. हानी म्हणजे जे होते ते गेले, तोटा म्हणजे जे येणार होते ते आले नाही. आपल्या गावपातळीवरच्या मोजणीत हा दुसरा रकाना जवळपास नाहीच.

गावपातळीवरची मोजणी म्हणजे पंचनामा. तलाठी, ग्रामसेवक आणि दोन पंच येतात, टेप लावतात, मोबाइलवर फोटो काढतात आणि घर पूर्णतः पडले की अंशतः, पक्के की कच्चे, असे लिहितात. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२६ च्या निकषांत पूर्ण नष्ट झालेल्या घराला सपाट भागात १,२०,००० रुपये आहेत. अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५००, कच्च्याला ४,०००, तर नुकसान झालेल्या किंवा नष्ट झालेल्या झोपडीला ८,०००, आणि घराच्या अंशतः पडझडीसाठी किमान १५ टक्के नुकसान झालेले असावे लागते. राज्य सरकारे कधी कधी यात भर घालतात, पण चौकट हीच. आता पंधरा टक्के कशाचे? क्षेत्रफळाचे, किमतीचे की भिंतींच्या संख्येचे? पूर किंवा वादळासाठी हा निकष कसाबसा चालतो, कारण पत्रे उडाले ते दिसते, भिंत वाहून गेली ती दिसते.

भूकंपात जे सर्वांत धोक्याचे असते ते मात्र या निकषातून निसटते. दुपदरी भिंतीचे पदर धक्क्याने सुटे होतात आणि भिंत मधोमध पुढे येते. गवंडी म्हणतात, भिंतीला पोट सुटले. ओळंबा सोडून पाहिला तर दोरी मध्ये भिंतीला टेकते आणि वरच्या व खालच्या टोकाला भिंत दोरीपासून चार बोटे आत असते. दगड एकही पडलेला नसतो. फोटोत काही दिसत नाही, टेप लावायला जागा नाही, नुकसान शून्य टक्के. वास्तविक त्या घराची भूकंप सोसण्याची ताकद त्या दिवशी संपलेली असते. डहाणू-तलासरी परिसरात २०१८ च्या नोव्हेंबरपासून लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली, आणि हिंगोलीलाही धक्के अधूनमधून येतच असतात. प्रत्येक धक्का स्वतंत्रपणे पंधरा टक्क्यांच्या खाली राहतो. त्यांची बेरीज कुणी करत नाही. तलाठ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या फॉर्ममध्ये ओळंब्याचा रकाना नाही.

आता कुटुंबाचे. आपल्या जुन्या गावगाड्यात जमिनीचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी: काळी म्हणजे कसण्याची, पांढरी म्हणजे वस्तीची. १९९३ नंतर पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली आणि घरांचे आकार २५०, ४५० आणि ७५० चौरस फूट असे तीन ठेवले गेले; कुणाला कोणता, हे त्याच्या नावावर शेती किती यावर ठरले. म्हणजे काळीवरून पांढरी मोजली. यामागे काही तर्क होता, हे मान्य: मोठ्या शेतकऱ्याचा वाडा मोठा असतो, त्याला धान्य आणि जनावरे ठेवायला जागा लागते. पण भूमिहीनाच्या घरी माणसे कमी असतात असा काही नियम नाही. ज्याच्याकडे शेत नव्हते त्याच्यासाठी घर हीच सगळी मिळकत होती, आणि त्याचे नुकसान त्याच्या ऐपतीच्या मानाने सर्वांत मोठे होते. मोजपट्टीने ते सर्वांत लहान ठरवले.

शिवाय नव्या गावठाणांनी पांढरी काळीपासून दूर नेली. काटकोनात आखलेले रुंद रस्ते आले, आणि शेतावर जायला रोजचे चालणे वाढले. बैल, कडबा आणि अवजारे कुठे ठेवायची हा प्रश्न ज्याने त्याने पत्र्याची शेड टाकून सोडवला. त्या शेडचा किंवा त्या रोजच्या पायपिटीचा रुपयांतला हिशेब कुठल्याही अहवालात नाही. आईबाप गमावलेल्या मुलांचाही नाही. सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी भारतीय जैन संघटनेने पुण्याला नेले, आणि त्यांच्या गावांनी त्या पिढीतले किती हात गमावले हे मोजण्याचे एकक आपल्याकडे नाही. दुसरीकडे, ज्या गावांत घरे दुरुस्त करून मजबूत करायची होती तिथे अनेकांनी त्या पैशांत जुन्या घराला लागून एक नवी पक्की खोली बांधली. जुनी भिंत तशीच राहिली. मोजणीच्या दृष्टीने ते घर ‘दुरुस्त’ झाले.

यावर एक रास्त आक्षेप येतो. आपत्तीनंतर हजारो पंचनामे आठ-पंधरा दिवसांत करायचे असतात. अशा वेळी ओळंबा, उत्पन्नाचा तोटा, कुटुंबाची ऐपत असे निकष आणले तर मदत लांबेल, हुज्जत वाढेल आणि वशिल्याला वाव मिळेल. साधा निकष अन्याय करतो, पण सगळ्यांवर सारखा करतो आणि लवकर करतो. मला हे बऱ्याच अंशी पटते. २००१ च्या कच्छ भूकंपानंतर गुजरातने नुकसानीच्या पाच श्रेणी करून मदत दिली. ती आपल्या ‘पूर्णतः-अंशतः’पेक्षा नक्कीच बारीक होती, पण श्रेणी ठरवण्यावरून तक्रारी आणि फेरतपासण्याही झाल्याच. म्हणून तातडीची मदत साध्या निकषावरच द्यावी. माझा आग्रह इतकाच की तो पहिला आकडा शेवटचा मानू नये. वर्षाने एकदा आणि पाच वर्षांनी एकदा त्याच कुटुंबांकडे परत जावे: घर सुटले का, कर्ज किती झाले, शेत विकले का, कोण गाव सोडून गेले, कोण नंतर वारले. आपत्तीचा अंतिम आकडा तो असावा, आणि तो पहिल्या आकड्याशेजारी छापावा.

बारकाईचे काम मात्र धक्क्याच्या आधी करता येते, तेव्हा घाईही नसते आणि हुज्जतही कमी. त्यासाठी नवी यंत्रणा लागेल असेही नाही. जनगणनेच्या घरयादीत भिंत कशाची आणि छप्पर कशाचे हे विचारले जाते, आणि २०११ पासून दगडी भिंतीत चुना-सिमेंट आहे की नाही हेही वेगळे नोंदले जाते. त्या माहितीवरून केंद्र सरकारच्या एका परिषदेने देशाचा आपत्ती-प्रवणतेचा नकाशासंग्रह १९९७ मध्ये प्रथम आणि २०१९ मध्ये तिसऱ्यांदा काढला. कोणत्या जिल्ह्यात कोणत्या प्रकारची किती घरे किती धोक्यात आहेत, याचे तक्ते त्यात आहेत. अडचण इतकीच की तो जिल्ह्यापाशी थांबतो, आणि भिंत पडते ती गल्लीत.

गल्लीची नोंद ग्रामपंचायतीकडे आहे. नमुना ८ ही घरपट्टीच्या आकारणीची नोंदवही प्रत्येक ग्रामपंचायतीत असते. तीत प्रत्येक घराचा प्रकार लिहिलेला असतो, झोपडी की दगडमातीचे, दगड-विटा आणि सिमेंटचे की आरसीसी, कारण पट्टीचा दर त्यावर ठरतो. घर किती वर्षे जुने हेही असते, कारण घसारा त्यावर ठरतो. म्हणजे गावातले कोणते घर पहिल्या धक्क्यात जाईल, याची यादी ग्रामसेवकाच्या कपाटात आजच तयार आहे. तिचा उपयोग एवढाच होतो की त्या घराला पट्टी कमी लागते. त्या नोंदवहीत आणखी दोन रकाने वाढवावे लागतील: माळवदावर मातीचा थर किती, आणि भिंत ओळंब्यात आहे का. दोन्ही गोष्टी गावातला कुठलाही गवंडी घरामागे दहा मिनिटांत सांगू शकतो, आणि हिंगोली, लातूर, धाराशिव, सातारा आणि पालघर या जिल्ह्यांपासून सुरुवात करायला पुढच्या आकारणीची वाट पाहण्याचेही कारण नाही.